भिंतीवर आमची माणसे कोरा

मीरा-भाईंदरमधील सर्व वास्तुविशारद आणि बांधकाम व्यावसायिकांस,



या शहरातली इमारत रस्त्यावरून कशी दिसावी, हे तुम्ही ठरवता. घर घेताना आम्ही कार्पेट एरिया विचारतो, ताबा कधी मिळेल ते विचारतो, महारेराचा नोंदणी क्रमांक तपासतो, पार्किंगसाठी घासाघीस करतो. दर्शनी भागावर खांब, सिंह, घोडे आणि पऱ्या बसवलेल्या असतात, त्या तिथे कशासाठी आहेत, हे मात्र आमच्यापैकी फारसे कोणी विचारत नाही. तो प्रश्न मी या पत्रातून विचारतो आहे. तुमच्यापैकी अनेकजण मन लावून काम करतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला उद्देशून लिहिले आहे.

पत्राला निमित्तही आहे. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. या वाढीच्या पहिल्या लाटेत, ऐंशी-नव्वदच्या दशकांत, घाईघाईने उभ्या राहिलेल्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. म्हणजे हे शहर आपल्याच हयातीत दुसऱ्यांदा बांधले जाणार आहे. पहिल्या वेळी जे राहून गेले, ते आता करता येईल.

मी भाईंदरला राहतो आणि नोकरी मुंबईच्या फोर्टात करतो. पश्चिम रेल्वेने रोज दक्षिणेकडे जाणाऱ्या हजारो लोकांसारखेच माझेही दोन शहरांत आयुष्य वाटले गेले आहे. फोर्टातल्या रस्त्यांवरून वर बघत चालण्याची सवय मला लागली, आणि तिथूनच पुढच्या तक्रारी सुचल्या. तिथे काय दिसते, ते आधी सांगतो.

किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडल्यावर जो हॉर्नबी रोड आकाराला आला, तो आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. त्याच्या उत्तर टोकाला १८६९ ची क्रॉफर्ड मार्केटची इमारत आहे. प्रवेशद्वारावरच्या उठावशिल्पांत शेतकरी आहेत. ती लॉकवुड किपलिंग यांची. ते त्या वेळी जे. जे. कलाशाळेत शिकवत होते. ज्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्या जोतीराव फुल्यांचे नाव आज या मंडईला आहे, आणि दारावर शेतात राबणारी माणसे आहेत. बाजारात येणाऱ्याने खरेदी करण्याआधी पिकवणाऱ्याला पाहावे, इतका सरळ त्या शिल्पांचा अर्थ आहे.

थोडे पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ साली काम सुरू झाले आणि दहा वर्षांत पुरे झाले. घुमटावर हातात मशाल घेतलेली ‘प्रगती’ उभी आहे. खाली शेती, व्यापार, अभियांत्रिकी यांच्या मूर्ती आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे, म्हणजे इंग्लंड आणि हिंदुस्थान. दर्शनी भागावरच्या चेहऱ्यांत जमशेटजी जीजीभॉय आणि आपले नाना शंकरशेटही आहेत. पाना-फुलांचे आणि प्राण्या-पक्ष्यांचे बरेचसे कोरीवकाम जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. समोर स्टीव्हन्स यांचीच १८९३ ची महापालिकेची इमारत. तिच्यावरची पंखधारी स्त्री हे हिंदुस्थानातले पहिले शहर असल्याचे अभिमानाने सांगते. त्याच मार्गावरच्या वाच्छा अग्यारीच्या दारात माणसाच्या चेहऱ्याचे, पंख असलेले दगडी बैल राखण करतात. पारशांनी आपल्या इराणी पूर्वजांची आठवण शहराच्या रस्त्यावर अशी उघड मांडली.

यातले बरेच काही मला पटत नाही. सिंहाने वाघाच्या बरोबरीने बसावे आणि राज्य मात्र सिंहाचे असावे, हे आपल्याला का पटावे? पण त्या दगडात काहीतरी म्हटलेले आहे, म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. आपल्या शहरातल्या दर्शनी भागांशी वादही घालता येत नाही. माझ्या साऱ्या तक्रारींचे मूळ तिथे आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांच्या २४ मूर्ती आहेत. त्या घडवणारे आपले रावबहादूर मुकुंद रामचंद्र. त्या मूर्तींत माणसे ओळखली जातात ती जात आणि जमात यांवरून, पगडीवरून, पेहरावावरून. आता तिथून हुतात्मा चौकाकडे या. १९३६ ची न्यू इंडिया अश्युरन्सची इमारत दिसेल. मास्टर, साठे आणि भुता या भारतीय वास्तुविशारदांनी ती उभारली आणि शिल्पे ना. ग. पानसरे यांनी केली. तिथेही या देशातली माणसेच आहेत. पण इथे शेतकरी आहे, कुंभार आहे, सूत कातणाऱ्या आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बाया आहेत. माणूस ओळखला जातो तो त्याच्या कामावरून. या दोन इमारतींमध्ये ५८ वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात या देशात स्वदेशी आली, मिठाचा सत्याग्रह झाला, आणि हा बदल एका विमा कंपनीच्या भिंतीवर उतरला. फिरोजशहा मेहता रस्त्यावर याच वास्तुविशारदांनी १९३८ मध्ये लाहोरच्या लक्ष्मी विमा कंपनीची इमारत बांधली आणि मनोऱ्यावर लक्ष्मी उभी केली. तुम्ही ठेवलेले पैसे कोणाच्या साक्षीने ठेवले आहेत, हे विमेदाराला रस्त्यावरूनच कळावे, ही त्यामागची समज.

हे वास्तुविशारदही नफ्यासाठी काम करणाऱ्या कंपन्यांचेच काम करत होते. वेळ आणि पैसा तेव्हाही मोजूनमापूनच मिळत असणार. तरीही भिंतीवर काय म्हणायचे, याचा विचार झाला. आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अर्थाची. कुठल्याही नव्या संकुलाच्या फाटकाशी उभे राहा. ग्रीक पद्धतीचे खांब आहेत, पण त्यांच्यावर कशाचाही भार नाही. वर रोमन त्रिकोण आहे, पण त्यात काही कोरलेले नाही. दोन्ही बाजूंना उधळलेले घोडे आहेत. या खाडीकाठच्या गावांशी त्यांचा काय संबंध? हेच खांब आणि हेच घोडे विरारला दिसतात, कल्याणला दिसतात, पनवेललाही दिसतात. ‘परदेशासारखे’ दिसणे एवढाच त्यांचा हेतू असेल, तर त्याचा अर्थ असा होतो की आम्ही जिथे राहतो ते ठिकाण दाखवण्यालायक नाही. घर घेणाऱ्याला तुम्ही नकळत हेच सांगत असता. त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी तक्रार टिकाऊपणाची. हे अलंकार बहुतेक वेळा फायबरचे, प्लास्टरचे किंवा थर्मोकोलवर लेप दिलेले असतात. कोकणपट्टीच्या पावसाची तीन-चार वर्षे झाली की सांध्यांत पाणी शिरते, काळे ओघळ उतरतात, तुकडे सुटतात. तोवर इमारत सोसायटीच्या ताब्यात आलेली असते. मग त्या खोट्या कार्निसची दुरुस्ती सिंकिंग फंडातून होते. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते. त्यानंतर सर्वांत आधी काढून टाकली जाते ती हीच सजावट, कारण ती खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर पडू शकते. विक्रीच्या वेळी शोभा तुमची आणि नंतर जोखीम आमची, ही वाटणी न्याय्य नाही.

तिसरी तक्रार कलावंताच्या अनुपस्थितीची. फोर्टातल्या कितीतरी शिल्पांमागे नाव आहे, शाळा आहे, गुरू-शिष्यांची परंपरा आहे. आपल्या शहरातल्या एखाद्या दर्शनी शिल्पाचा कर्ता कोण, असे विचारले तर पुरवठादाराच्या कॅटलॉगमधला क्रमांक हाती येतो. जे. जे. आजही चालू आहे, तिथून शिल्पकलेचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना बोलावणे तुमच्याकडून जात नाही. ज्या शहराच्या भिंतींवर तरुण शिल्पकाराला जागा नाही, तिथे शिल्पकला फक्त चौकातल्या पुतळ्यांपुरती आणि गणपतीच्या दिवसांपुरती उरते.

चौथी तक्रार विस्मरणाची. तुम्ही ज्या जमिनीवर बांधता, तिथे काही होते. भाईंदरची मिठागरे होती, काही अजून आहेत. उन्हात कमरेत वाकून मीठ ओढणारी माणसे आणि पांढऱ्या राशी हे या गावाचे चित्र होते. राई, मुर्धा, मोर्वा ही आगरी शेतकऱ्यांची गावे. डोंगरीला ईस्ट इंडियन घरे आणि वाटेवरचे क्रूस. उत्तन, पाली, चौक इथे कोळ्यांच्या होड्या आणि बांबूच्या मांडवांवर वाळणारे बोंबील. चौकजवळचा धारावी किल्ला वसईच्या मोहिमेतला, आणि खाडीपलीकडे १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला वसईचा किल्ला. भाईंदर पूर्वेला गाळ्या-गाळ्यांतून स्टीलची भांडी घडवणारे कामगार. आणि रोज पहाटे गाडीच्या दारात लटकून मुंबई चालवायला जाणारे आम्ही सगळे. यातले काय तुमच्या एकाही दर्शनी भागावर आले? गावठाणातले जुने घर पाडताना नक्षीदार लाकडी खांब, कोरलेली चौकट, घरावर घातलेले वर्ष यांचा साधा फोटोही बहुधा घेतला जात नाही.

पाचवी तक्रार पाट्यांची. तळमजल्यावर दुकाने येणार, त्यांना पाट्या लागणार, वर एसीची यंत्रे लागणार, हे आराखडा काढतानाच ठाऊक असते. तरी त्यांची जागा ठरवली जात नाही, आणि दोन वर्षांत सगळा दर्शनी भाग फ्लेक्सखाली जातो. हा प्रश्न सुटू शकतो, हे दादाभाई नौरोजी मार्गाने दाखवले आहे. मुंबईला १९९५ मध्ये वारसा नियमावली मिळाली. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने, दुकानदारांना सोबत घेऊन, पाट्या कमानींच्या मापात आणल्या गेल्या. २००४ मध्ये त्या कामाची युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत दखल घेतली गेली. दुकानदार ऐकत नाहीत, ही सबब तिथेही सांगता आली असती.

तुमची उत्तरे काय असतील, याचा मी विचार केला आहे.

तुम्ही म्हणाल, हे परवडत नाही. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचे घर आहे, ते संग्रहालय म्हणून पाहता येते. पुण्याचा १९२८ चा भव्य अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा घडवणाऱ्या या माणसाने घराच्या आवारात सिमेंटची शिल्पे केली. तिथली म्हैस पाहून लोक आजही थबकतात. सिमेंट तर तुमच्या प्रत्येक साइटवर असते. दगड हवा असेल तर सह्याद्रीचा काळा पाषाण आहे. फोर्टातल्या अनेक इमारतींना लागलेला पिवळट दगड आपल्या पश्चिम रेल्वेवरच्या मालाडच्या खाणींतला होता. माझी मागणी संगमरवराची नाही. एका नमुना फ्लॅटच्या सजावटीत जेवढा खर्च होतो, त्याच्या एका हिश्श्यात एक चांगले उठावशिल्प होऊ शकेल.

तुम्ही म्हणाल, ग्राहकाला तेच खांब हवे असतात. ग्राहकाला निवडीला दुसरे काही दाखवलेलेच नाही. बोंबलांचा मांडव कोरलेली पट्टी आणि फायबरचा घोडा एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहा, मग बोलू.

तुम्ही म्हणाल, चिन्ह म्हटले की वाद आला. हे शहर मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, हिंदू, जैन, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्यांचे आहे. ही काळजी खरी आहे, आणि तिचे उत्तर पानसऱ्यांनी १९३६ मध्येच दिले आहे. माणसाचे काम कोरा. मीठ ओढणारा, जाळे विणणारी, भांड्याला आकार देणारा, सकाळची गाडी पकडणारी परिचारिका, ही माणसे कोणत्याही घरातली असू शकतात. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारात रामकिंकर बैज यांचे यक्ष आणि यक्षी उभे आहेत. एक उद्योगातून येणाऱ्या समृद्धीचा, दुसरी शेतीतून येणाऱ्या समृद्धीची. परंपरेतले रूप घेऊन आजचा अर्थ सांगता येतो, हे त्या जोडीकडे पाहून कळते.

आता विनंत्या.

एक. तुमच्या प्रत्येक नव्या इमारतीवर किमान एक शिल्पपट्टी ठेवा. ती पहिल्या मजल्याच्या खाली असू द्या, रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला मान न मोडता दिसेल अशी. जागेचा, तिथल्या कामाचा किंवा तिथल्या माणसांचा काही संबंध तिच्यात असू द्या.

दोन. तिच्याखाली शिल्पकाराचे नाव, वर्ष आणि दोन ओळींत विषय मराठीत कोरा. इमारतीचे नाव दहा फुटी अक्षरांत लिहिता, तेव्हा ज्याने शिल्प घडवले त्याला दोन इंच द्या.

तीन. शिल्पकाराला आराखड्याच्या पहिल्या बैठकीला बोलवा आणि त्याचे मानधन पहिल्या अंदाजपत्रकात धरा. फ्रान्समध्ये १९५१ पासून, आधी शाळांच्या आणि पुढे इतर सार्वजनिक इमारतींच्या, खर्चाचा एक टक्का कलेसाठी ठेवण्याची पद्धत आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने १९५९ पासून असाच नियम केला. आपल्याकडे नियम येईल तेव्हा येईल, तुम्ही आपल्या संघटनेत ठराव करून सुरुवात करू शकता.

चार. साहित्य असे वापरा की ते इमारतीइतकेच जगेल. दगड, सिमेंट, वीट, भाजलेल्या फरश्या, काहीही चालेल. ताबा देताना त्या शिल्पाची देखभाल कशी करायची, याचे एक पान सोसायटीला द्या.

पाच. पाट्यांची, एसीची आणि केबलची जागा नकाशातच ठरवा आणि ती अट गाळ्याच्या करारात घाला.

सहा. गावठाणातले कोणतेही जुने घर पाडण्याआधी त्याची छायाचित्रे आणि मापे घ्या, ती महापालिकेकडे द्या. चौकट, खांब, कोरलेला दगड शक्य असेल तर नव्या इमारतीच्या प्रवेशाशी बसवा. त्या घरात पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला नव्या इमारतीत परत आल्यावर निदान आपला उंबरा ओळखता येईल.

सात. आणि सर्वांत महत्त्वाची विनंती. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत उत्तनला जाणारा रस्ता एकत्र बसून हाती घ्या. या एका रस्त्यावर मीठ, भातशेती, वाटेवरचे क्रूस आणि मासेमारी, म्हणजे या शहराचा सगळा इतिहास ओळीने मांडलेला आहे. तिथे नवे बांधकाम येणारच आहे. येणारी प्रत्येक इमारत आपापल्या ठिकाणची गोष्ट सांगेल, असा आपसात शब्द द्या. महापालिकेनेही या रस्त्यावरच्या आपल्या शाळा, बसथांबे आणि दवाखाने यांपासून आरंभ करावा. फोर्टचे रस्तेही एका दिवसात झालेले नाहीत. १८६९ ते १९३८ या सत्तर वर्षांत एकामागून एक वास्तुविशारद आपल्या परीने त्यांत भर घालत गेले.

इमारतीच्या आतली जागा विकली जाते, तिच्यावर मालकाचे नाव लागते. बाहेरची भिंत मात्र रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची असते. शाळेत जाणारे मूल ती रोज वाचते, त्याला अक्षरे येण्याच्याही आधी. फोर्टातल्या भिंतींनी तिथे काम करणाऱ्या माणसाला सांगितले की तू या शहराचा भाग आहेस. आम्ही दिवस तिथे घालवतो, पण संसार इथे करतो. आमची मुले इथे वाढतात. तेवढाच मान आम्हाला आमच्या राहत्या शहराकडूनही हवा आहे, आणि तो देणे तुमच्या हातात आहे.

आपल्यापैकी कोणी पहिली शिल्पपट्टी करायला तयार झाले, तर तिच्या विषयासाठी गावातल्या जुन्या मिठागर कामगारांकडे, कोळणींकडे, आगरी शेतकऱ्यांकडे जाऊन माहिती गोळा करायचे काम मी आनंदाने करीन. माझ्यासारखे आणखी लोक या शहरात आहेत, ते पुढे येतील याची खात्री आहे.

उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
भाईंदर पश्चिमेचा एक रहिवासी